बंदुकीला गंज लागतो तो तेलाखाली: नाशिकच्या हवेत परवान्याचं हत्यार ठेवायची नीट पद्धत

दरवर्षी पावसाळा सरला की तेच ऐकायला मिळतं. "तेल लावून ठेवली होती हो, चांगली कव्हरमध्ये घालून, तरी गंज कसा चढला?" आता उत्तर त्याच वाक्यात आहे. ओल न काढता वरून तेल चोपडलं, मग कव्हरची चेन लावली आणि जून ते सप्टेंबर कपाट उघडलंच नाही. तेलाने ओल आत कोंडली, कव्हरने ती धरून ठेवली, बाकीचं काम लोखंडाने स्वतः केलं. तेल कमी पडलं म्हणून गंजलेली बंदूक क्वचित बघायला मिळते, चुकीच्या क्रमाने ठेवलेली मात्र गावोगाव आहे.

खालचं सगळं परवानाधारकांसाठी आहे. शेतावरची दुनळी बारा बोअर, घरातलं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, रेंजवर जाणाऱ्यांची पॉइंट टू टू रायफल, सगळ्यांना क्रम हाच. ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचं थोडं वेगळं आहे, ते तिसऱ्या पायरीत सांगतो.

आणि नाशिक म्हणजे एकच हवा नाही हे आधी लक्षात घ्या. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात भिंतींना हात लावला तरी ओल लागते. निफाड-पिंपळगावकडे पाऊस कमी पण थंडीत पारा एक आकड्यावर येतो आणि पहाटे दव पडतं. शहरात एप्रिल-मेमध्ये इतकं कोरडं होतं की दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकतो त्या भागाचं, लाकूड आकसतं. म्हणजे नळीला पावसाळ्यात जपायचं, लाकडाला उन्हाळ्यात आणि थंडीत शेतावरून घरात आणताना दोघांनाही.

आधी सामान गोळा करा

अर्ध्यात उठून चिंध्या शोधायला जाल तर काम बिघडतं, म्हणून सगळं आधी टेबलावर घ्या.

- नळीच्या मापाचा क्लिनिंग रॉड आणि ब्राँझचा ब्रश. पुल-थ्रू, म्हणजे चिंधी नळीतून ओढायची दोरी, असेल तर तीही चालते. देवळाली कॅम्पकडे एखादे माजी सैनिक ओळखीचे असतील तर त्यांच्याकडून पुल-थ्रूची चिंधी कशी घडी घालायची ते एकदा शिकून घ्या, व्हिडिओ बघण्यापेक्षा बरं.
- सुती, धुतलेल्या, तंतू न सुटणाऱ्या चिंध्या. जुना बनियन उत्तम. सिंथेटिक साडीचा तुकडा नको, तो ओल पीत नाही.
- नळी साफ करायचं सॉल्व्हंट, हलकं मशीन ऑइल, आणि गंजरोधक तेल. ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.
- नायट्राइलचे हातमोजे, जुना टूथब्रश, टॉर्च.
- छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारा मीटर. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो आणि ह्या यादीत सगळ्यात जास्त तोच टाळला जातो.

गंजरोधक तेलासाठी नाशिककरांना लांब जायला नको. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून मशीनिंग केलेले पार्ट बाहेर जातात ते आरपी ऑइल (गंजरोधक तेल) लावून आणि व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) गुंडाळून. त्या लाइनमधला कोणी ओळखीचा असेल तर कोणत्या दुकानात लहान पॅक मिळतो ते त्याला विचारा. गाड्यांचे गिअर महिनोन्महिने ज्या तेलावर टिकतात ते तुमच्या नळीलाही पुरतं.

१. हत्यार खाली (रिकामं) आहे का, हे हाताने बघा

दुनळी असेल तर उघडा, दोन्ही चेंबर (काडतूस बसतं त्या जागा) डोळ्याने बघा आणि मग बोट घालून बघा. रायफल किंवा पिस्तुल असेल तर आधी मॅगझिन काढायची, मग बोल्ट किंवा स्लाइड मागे ओढून चेंबर बघायचं. उलटं केलंत तर बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधली गोळी परत चेंबरमध्ये चढते. रिव्हॉल्व्हर उघडून सिलिंडरची सगळी घरं मोजा. हे सगळं करताना नळीचं तोंड रिकाम्या, सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरपासून लांब.

काडतुसं त्या खोलीतच ठेवायची नाहीत. साफसफाई करताना झालेले अपघात आपण पेपरात वाचतो, त्यातला प्रत्येक जण "खालीच होती" असंच म्हणत असतो.

> तपासा: टेबलावर एकही काडतूस नाही, खोलीत लहान मुलं नाहीत, फॅन चालू, खिडकी उघडी. सॉल्व्हंटचा वास कोंडता कामा नये आणि जवळपास गॅस किंवा देवाचा दिवा नको.

२. आधी सुकवा. तेलाला हातही लावू नका

इथेच बहुतेकांचं चुकतं म्हणून इथे जरा थांबतो.

बंदूक ओली दिसत नाही म्हणजे कोरडी आहे असं नाही. जानेवारीत पहाटे द्राक्षबागेत रानडुकरांसाठी बसलेला माणूस घरी येतो, नळी बर्फासारखी गार आणि स्वयंपाकघरात चहा उकळतोय. दोन मिनिटांत नळीवर बारीक दव धरतं, बाहेरून दिसतं ते आपण पुसतो, पण आतल्या बाजूला, चेंबरमध्ये, ट्रिगरच्या यंत्रात धरलेलं दिसत नाही. अशा वेळी लगेच पुसून तेल लावायची घाई नको. खाली केलेलं हत्यार घरातल्या हवेइतकं कोमट होऊ द्या, तासभर तरी, कव्हरच्या बाहेर, कुलूपबंद खोलीत किंवा तुमच्या नजरेसमोर. नळीला हात लावल्यावर गारवा जाणवेनासा झाला की मग पुसायला घ्या.

पावसात भिजली असेल तर नळी आणि फोरएंड वेगळे करा. फोरएंड म्हणजे नळीखालचा लाकडी तुकडा, त्याच्या आत पाणी हमखास लपतं. त्याशिवाय काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या खाली, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या कडेला, स्क्रूच्या खाचेत, ट्रिगर गार्डच्या कडेला आणि दस्त्याच्या टोकाला असलेल्या बट प्लेटखाली. ह्या जागा टॉर्च मारून बघा आणि चिंधीचं टोक पिळून आत घाला. नळ्या तोंड खाली करून फॅनखाली ठेवा. डब्ल्यूडी-४० इथे उपयोगी पडतं, कारण ते पाणी हटवतं, पण नंतर ते पुसून काढायचं असतं. त्याचा थर फार पातळ असतो, पावसाळाभर पुरेल अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

> सावधान: चुलीजवळ, हीटरसमोर किंवा पापडासारखी गच्चीवर उन्हात सुकवू नका. नळीला काही होत नाही पण दस्ता तडकतो आणि मग यंत्राजवळची फट कायमची राहते.

३. नळी आतून साफ

रॉड चेंबरच्या बाजूने घाला आणि तोंडाकडून बाहेर काढा. तोंडाकडून घातलेला रॉड तिथली कड घासतो, आणि सगळी घाण ढकलत चेंबरमध्ये आणतो. काही रायफली आणि रिव्हॉल्व्हरला मागून रॉड जातच नाही, तिथे तोंडावर बसणारा गाइड वापरा आणि हात सावकाश चालवा.

सॉल्व्हंटची चिंधी एकदा फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग ब्राँझ ब्रश, मग कोरड्या चिंध्या. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. बारा बोअरमध्ये चेंबरच्या पुढच्या भागात आणि तोंडाजवळ प्लॅस्टिकचे आणि शिशाचे पट्टे चिकटलेले असतात, नळी उजेडाकडे धरली की राखाडी रेघा दिसतात. त्यांच्याखाली ओल बसते, म्हणून तेवढ्या भागाला ब्रश जास्त.

ठासणीची बंदूक असेल, पीक संरक्षणाच्या परवान्यावर अजून बऱ्याच आहेत, तर नुसतं सॉल्व्हंट पुरत नाही. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते आणि ती तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळते. त्यामुळे नळी आणि निपल (मागे टोपी बसते तो तुकडा) गरम साबणपाण्याने धुवायचं, मग साध्या गरम पाण्याने, मग ताबडतोब कोरड्या चिंध्या, मग तेल. गरम पाण्याचा फायदा असा की नळी तापते आणि उरलेलं पाणी लवकर उडतं. हे काम बार काढला त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी करू म्हटलं की आत लाल झालेलं असतं. जुन्या साठ्यातली क्षारयुक्त प्रायमरची (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीची) काडतुसं वापरली असतील तरी हेच, कारण तिथेही नळीत मीठच उरतं.

४. तेल, आणि किती

आता हातमोजे घाला. बोटांच्या घामात मीठ असतं आणि काही लोकांचा घाम इतका तिखट असतो की चार-आठ दिवसांत नळीवर अख्खा अंगठा उमटतो, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट.

चिंधीवर तेल घ्या आणि चिंधीने लावा, थेट नळीवर ओतू नका. बाहेरून पातळ थर, आतून तेलाची चिंधी एकदा फिरवायची. बोट फिरवलं तर चमक यावी, ओघळ दिसू नये. हलत्या भागांना, बिजागराच्या पिनला, एजेक्टरला हलक्या मशीन ऑइलचा एकेक थेंब. गंजरोधक तेल जाड असतं, ते यंत्रात ओतलं तर थंडीत फायरिंग पिन जड चालते.

काय लावायचं नाही: खोबरेल, मोहरीचं तेल, तूप (हसू नका, लावतात). ही तेलं हवेत चिकट होतात आणि वर्षभरात ट्रिगरच्या यंत्रात गोंद तयार होतो. रॉकेल घाण सोडवतं पण संरक्षण देत नाही. गाडीचं जळालेलं इंजिन ऑइल तर नकोच, त्यात आम्ल आणि बारीक धातू असतो. एअर रायफलवाल्यांसाठी एक वेगळं: दाबाच्या सिलिंडरमध्ये साधं पेट्रोलियम तेल सोडू नका, दाबाने पेट घेतं आणि सील जातं.

तेल लावल्यावर पहिले एक-दोन दिवस नळी तोंड खाली करून ठेवा, खाली जाडसर कापड. तोंड वर करून उभी ठेवली तर जास्तीचं तेल उतरून यंत्रातून दस्त्याच्या तोंडात जातं. जुन्या दुनळ्यांचं लाकूड तिथे काळं आणि मऊ झालेलं दिसतं ना, ते ह्यामुळेच.

> सावधान: नळीच्या तोंडात तेलकट चिंधीचा बोळा कोंबून ठेवायची पद्धत बंद करा. एक तर आतली ओल बाहेर पडत नाही. दुसरं म्हणजे रात्री घाईत बंदूक उचलली आणि बोळा विसरला तर नळी फाटते, हाताजवळ.

५. लाकूड

थोडक्यात. दस्ता कोरड्या कापडाने पुसा, तेलाची फिनिश असेल तर वर्षातून एकदा-दोनदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळा आणि तासाभराने पुसून काढा. वॉर्निशवाल्याला गरज नाही. जवसाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात. बाहेर पसरून वाळवा आणि मग टाका.

६. कुठे ठेवायची

कुलूपबंद स्टीलचं कपाट, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्कं केलेलं, आणि चावी फक्त परवानाधारकाकडे. हे सुरक्षेचं झालं. गंजासाठी बघायचं ते असं की कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पश्चिमेच्या पावसाळी भिंतीला तर नकोच. बाथरूमच्या मागच्या भिंतीला नको. जुन्या नाशकातल्या वाड्यांत तळमजल्याच्या भिंती वर्षभर ओल पितात, तिथे वरच्या मजल्यावरची आतली भिंत निवडा. मागे दोन-तीन इंच हवा खेळू द्या, खाली लाकडी ठोकळे.

आता शेतकऱ्यांसाठी मुद्द्याची गोष्ट. बंदूक शेतघरात, आणि शेतघरात शेजारीच गंधकाच्या पिशव्या, युरिया, पोटॅश, ब्लीचिंग पावडर, फवारणीची औषधं. हे लोखंडाचे वैरी आहेत. खतं हवेतली ओल ओढतात, त्यांची धूळ नळीवर बसते आणि प्रत्येक कणाखाली एक ठिपका गंजतो. बेदाण्याला गंधकाची धुरी देणाऱ्यांच्या शेडमध्ये तर हवेतच आम्ल तयार होतं. त्या खोलीत कितीही महागाचं तेल लावा, उपयोग नाही. बंदूक राहत्या घरात आणा, तशीही रिकाम्या शेतघरात हत्यार ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण.

कव्हरबद्दल: चामड्याचं, कॅनव्हासचं, आत फोम असलेलं कव्हर फक्त नेण्या-आणण्यासाठी. चामड्यात कमावताना वापरलेले क्षार असतात, फोम ओल धरतो. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवायची सवय असेल तर सिलिंडरच्या एका बाजूला आणि नळीच्या टोकाला गंज हमखास सापडेल, बघा आजच. कपाटात हत्यार उघडं उभं करा, नाहीतर सिलिकॉन लावलेल्या विणलेल्या मोज्यात.

७. कपाटातली हवा कोरडी ठेवणं

हायग्रोमीटर आत ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास हवा. ६०च्या वर सतत राहिला तर तेलावर भरवसा ठेवू नका, आणि ३०च्या खाली गेला तर लाकूड आकसायला लागतं.

सिलिका जेल साध्या कपाटाला अर्धा किलो तरी घ्या, बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. रंग बदलणारं घ्या. निळ्याचं गुलाबी झालं किंवा नारिंगीचं हिरवं झालं की ते भरलं. मग ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की परत वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, म्हणून त्यासाठी वेगळा जुना ओव्हन, केक करायचा नाही. आणि कपाटाचं दार घट्ट बसत नसेल तर आधी रबरी पट्टी लावा, नाहीतर जेल अख्ख्या खोलीची ओल ओढत बसेल.

> सावधान: कपड्यांच्या कपाटात ठेवायचे पांढऱ्या दाण्यांचे डबे मिळतात, ज्यात खाली पाणी साचतं. ते बंदुकीजवळ नको. ते दाणे कॅल्शियम क्लोराइडचे, साचतं ते कडक खारं पाणी, डबा कलंडला तर एका रात्रीत वाट लागते.

तांदूळ, मीठ, कोळसा हे सगळे जुगाड. तांदळात किडे होतात. जुने लोक कपाटात पिवळा बल्ब लावायचे, त्याची ऊब खरंच उपयोगी होती, पण कापड आणि तेलाजवळ तो धोक्याचा, आणि एलईडी लावून तेवढी ऊब मिळत नाही. त्याऐवजी कपाटासाठी बनवलेला कमी वॅटचा हीटर रॉड मिळतो. फक्त रिव्हॉल्व्हर असेल तर कॅमेऱ्यासाठीचं छोटं इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट छान, पण ते कुलूपबंद लोखंडी कपाटाच्या आत. त्याचं स्वतःचं कुलूप खेळण्यातलं असतं.

८. काडतुसं

वेगळ्या कुलपात, वेगळ्या डब्यात, हीटर रॉडपासून लांब, कोरडी. त्यांना तेल लावायचं नाही आणि तेलकट हातही नाही, तेल प्रायमरमध्ये शिरलं तर बार फुसका जातो. कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगतात, चेंबरमध्ये घट्ट बसत असतील तर ढकलू नका, बाजूला काढा. पितळी टोपीवर हिरवट पावडर दिसली तरी तेच. बाद काडतुसं कचऱ्यात टाकायची नाहीत, शस्त्र डीलर किंवा पोलीस ठाण्यात विचारून परत करा.

९. किती दिवसांनी उघडायचं

जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, बाकी महिन्यातून एकदा. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि तेव्हापासून काही मंडळी हत्यारही पाच वर्षांनीच बघतात, नूतनीकरणाला. बघायला पाच मिनिटं लागतात: खाली आहे का ते बघा, टॉर्च, नळीतून उजेड, दुसऱ्या पायरीतल्या पाणी लपायच्या जागा, पांढरी चिंधी फिरवून बघा. चिंधीवर तांबूस आलं तर तिसऱ्या पायरीपासून पुन्हा. ज्याने ज्याने हातात घेतली त्याच्या बोटांचे ठसे पुसूनच परत आत.

खंडेनवमीची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू, पाणी, झेंडूचे ओले हार नळीवर ठेवून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत तसंच राहू देऊ नका. गंध दस्त्याला लावा, फूल शेजारी ठेवा, आरती झाली की कोरड्या आणि मग तेलाच्या चिंधीने पुसून घ्या. घरात पाहुणे आहेत, सगळ्यांना हात लावायचाय, म्हणून काडतुसं त्या दिवशी बाहेर काढायचीच नाहीत.

१०. जमा करायची वेळ आली तर

आचारसंहितेत शस्त्र जमा करायची नोटीस आली की लोक आहे तशी बंदूक कव्हरमध्ये घालून नेऊन देतात. ती तिथे किती आठवडे, कोणत्या कोपऱ्यात राहणार हे तुमच्या हातात नाही, एका ओळखीच्यांची दुनळी अशीच पावसाळ्यात फरशीवर आडवी राहिली आणि परत आली तेव्हा खालची बाजू पूर्ण लाल होती. म्हणून आदल्या दिवशी पायरी एक ते चार, तेलाचा थर नेहमीपेक्षा थोडा जास्त, मग व्हीसीआय कागदात गुंडाळून व्हीसीआयच्याच पिशवीत बंद. कागद पितळ-तांब्याला चालणारा आहे ना ते विचारून घ्या. पिशवीवर परवाना नंबर आणि हत्याराचा नंबर. नंबर दिसेल असे चारही बाजूंनी फोटो, आणि पावतीवर अवस्थेचा उल्लेख करून घ्या. परत मिळाल्यावर त्याच दिवशी उघडा.

परवान्याची मुदत संपली असेल तर प्रश्न गंजाचा राहत नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करावं लागतं.

११. गंज लागलाच तर

वरवरचा, तांबूस, भुकटीसारखा गंज असेल तर तेल लावून तासभर मुरू द्या, मग अगदी बारीक ब्राँझ वूल किंवा चार शून्यांचं स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने. पुसा, बघा, पुन्हा. पॉलिश पेपर, लिंबू, चिंच, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, काहीही नको. नळीवरचा तो काळा-निळा रंग हाही लोखंडाचाच ऑक्साइड आहे, गंज काढणारं आम्ल त्यालाही खातं आणि मग उघडं पडलेलं लोखंड पहिल्यापेक्षा लवकर गंजतं.

नखाला खड्डा लागत असेल, किंवा नळीच्या आत काळे ठिपके ब्रशने जात नसतील, तर घरचं काम संपलं. ती बंदूक चालवू नका. दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडे न्यायची नाही, तो कितीही चांगला कारागीर असो. परवाना असलेल्या गनस्मिथकडेच, आणि परवान्याची मूळ प्रत सोबत घेऊन. चेंबरच्या आसपास खड्डे असतील तर त्याला आधी एकच विचारा, ही नळी दाब सहन करेल का. तो नाही म्हणाला तर घासून चकचकीत करून द्या असा आग्रह धरू नका, खड्डा घासला की तिथलं लोखंड आणखी पातळ होतं.